समुद्रभाड्यावरचा कर आणि मकरपुऱ्यातला एक कारखाना: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका मराठी कुटुंबाचा छोटा कारखाना आहे. कोंबड्यांच्या आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यात मिसळायचं पूरक मिश्रण तिथे तयार होतं. त्याला लागणारी लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं चीनमधून जहाजाने येतात, कधी न्हावा शेवाला, कधी मुंद्र्याला. कारखाना वडिलांनी उभा केला. वसाहतीत सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांची मुलगी केमिकल इंजिनिअर असून 2018 च्या सुरुवातीपासून खरेदी आणि आयात तीच पाहते. कामगारांची ती ताई.

संपूर्ण फाइल या कुटुंबाने मला वाचायला दिली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. घटनांचा क्रम आणि कायद्याचे मुद्दे मात्र जसेच्या तसे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पशुखाद्य आणि त्यात मिसळायची पूरकं जीएसटीत करमुक्त आहेत. विकलेल्या मालावर कर नाही, म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. इतर कारखानदार आयातीवर भरलेला आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, पुढच्या करातून वळता करून घेतात. या कारखान्याला तो खर्चातच धरावा लागतो. करातला प्रत्येक जादा रुपया थेट मिश्रणाच्या पोत्यावर चढतो.

अडचण

2018 च्या मार्चमध्ये ताईने आयातीचं कॉस्टिंग नव्याने मांडायला घेतलं. बिल ऑफ एन्ट्रीवरचे, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सला द्यायच्या विवरणावरचे, आकडे जुळले, पण बँकेतून दर महिन्याला आणखी एक रक्कम जात होती आणि ती कुठल्याच बिलावर नव्हती. सीएंच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "तो ओशन फ्रेटवरचा रिव्हर्स चार्ज. सगळेच भरतात."

ओशन फ्रेट म्हणजे समुद्रभाडं, आणि रिव्हर्स चार्ज म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर. हा कर कसा बसत होता ते नीट पाहू. माल सीआयएफ भावाने येत असे, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजाचं भाडं हे सगळं पुरवठादाराच्या एकाच किमतीत. जहाज ठरवणारा तो, भाडं देणारा तो, आणि जहाज कंपनीही परदेशी. सीमाशुल्क मूल्यांकनाच्या 2007 च्या नियमांप्रमाणे भाडं आणि विमा आयात मालाच्या मूल्यात धरले जातात. समजा माल 1 कोटीचा आहे आणि मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आहे. तर साडेसात लाख शुल्क, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार म्हणून 75 हजार, आणि या सगळ्या 1 कोटी 8 लाख 25 हजारांवर 18 टक्क्यांनी आयजीएसटी 19 लाख 48 हजार 500. भाडं त्या 1 कोटीत आहेच, म्हणजे त्यावरही एकदा आयजीएसटी भरून झाला.

त्यानंतर आल्या 28 जून 2017 च्या दोन अधिसूचना, क्रमांक 8 आणि 10. पहिलीने जहाजाने होणाऱ्या मालवाहतुकीच्या सेवेवर 5 टक्के दर ठरवला. दुसरीने सांगितलं की सेवा देणारा भारताबाहेरचा असेल आणि माल भारतात येत असेल, तर हा कर आयातदाराने भरावा. प्रत्यक्ष भाडं किती हे आयातदाराला माहीत नसेल, तर सीआयएफ किमतीचे 10 टक्के हेच भाडं मानावं. म्हणजे 1 कोटीच्या मालावर 10 लाख भाडं मानायचं आणि आणखी 50 हजार भरायचे. चीनहून येणाऱ्या कंटेनरचं खरं भाडं त्या काळी याच्या जवळपासही नव्हतं. पुरवठादार खरा आकडा सांगायला तयार नव्हता, कारण त्यातून त्याचा नफा उघड झाला असता.

कारखान्याची आयात वर्षाला साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे वर्षाला सव्वातीन लाख रुपये जात होते, तेही रोखीने, कारण रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून भरता येत नाही.

नानांना यात वाद घालण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या उमेदीची वर्षं जकात नाक्यांवर गेली. नोव्हेंबर 2007 मध्ये गुजरातच्या महानगरपालिकांची जकात बंद होईपर्यंत कच्च्या मालाचा प्रत्येक ट्रक पावती फाडूनच शहरात यायचा.

"अगं, सरकारचा कर आहे. भरायचा आणि कामाला लागायचं."

"भरायचा, बाबा. पण कोणत्या कलमाखाली भरतोय, ते तरी कळू दे."

ताईचा हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 प्रमाणे कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येत नाही आणि गोळाही करता येत नाही. सीमाशुल्काचा अधिकार केंद्रसूचीतल्या 83 व्या नोंदीतून येतो, आणि आकारणी होते ती 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 12 खाली. जीएसटीचा अधिकार अनुच्छेद 246-अ मधून येतो. आयात मालावरचा आयजीएसटी सीमाशुल्कासोबतच आकारायचा, हे आयजीएसटी अधिनियमाच्या कलम 5 मध्येच लिहिलं आहे. या सगळ्या साखळीत अधिसूचना ही शेवटची कडी. संसदेने कायद्यात जे दिलं त्याच्या आतच तिला राहावं लागतं. ताईने विचारलं ते एवढंच, की भाड्यावर दुसऱ्यांदा कर घ्यायचा अधिकार कायद्यात आहे, की फक्त अधिसूचनेत?

सरकारची बाजूही पोकळ नव्हती. भारतीय जहाज कंपन्यांवर कराचा बोजा आणि परदेशी कंपन्या मोकळ्या, ही तफावत मिटवायची, असं त्यांचं म्हणणं होतं. हेतू पटण्यासारखा आहे. पण हेतू चांगला असला म्हणून अधिकार आपोआप मिळत नाही.

समोर असलेले मार्ग

एप्रिल 2018 मध्ये नाना, ताई आणि सीए एकत्र बसले. त्याच वर्षी या अधिसूचनांविरुद्ध मोहित मिनरल्स या कंपनीची याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली होती, आणि सीएंच्या कानावर ते आलं होतं.

भरणा थांबवणं हा पहिला मार्ग. तो लगेच बाजूला पडला. न्यायालयात सरकार जिंकलं असतं तर 18 टक्के व्याज आणि वर दंड भरावा लागला असता. उधारीवर चालणाऱ्या कारखान्याला हे झेपणारं नव्हतं.

स्वतःची याचिका करावी, असं ताईला वाटत होतं. अहमदाबादच्या वकिलांची फी विचारली तेव्हा हिशेब समोर आला. वर्षाला सव्वातीन लाखांच्या करासाठी तेवढा खर्च करणं शक्य नव्हतं. शिवाय तोच प्रश्न न्यायालयासमोर आलेला होता. अधिसूचनाच रद्द झाली तर फायदा सगळ्यांनाच मिळणार होता.

माल एफओबी भावाने घ्यावा, म्हणजे जहाज आपण ठरवायचं आणि भाडं आपण द्यायचं, असंही सुचवलं गेलं. खरं भाडं हातात आल्यावर मानीव 10 टक्क्यांचा प्रश्नच उरत नव्हता. मात्र जहाज ठरवण्याचं काम कारखान्यातल्या कुणीच कधी केलं नव्हतं. दोन खेपा एफओबीने आणून पाहिल्या आणि तो प्रयोग तिथेच थांबला. त्या दोन खेपांचं पुढे काय झालं, ते नंतर येईल.

चौथा मार्ग कर भरत राहायचा, पण अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून. नानांना हा पटला. सरकारशी भांडण नाही आणि हक्कही सोडलेला नाही.

घेतलेला निर्णय

चौथा मार्ग ठरला. तो कागदावर कसा आणायचा, हा प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. जीएसटीआर-3बी या विवरणपत्रात हरकत नोंदवायला जागाच नाही. आकडा भरा, चलन भरा, संपलं. म्हणून सीएंनी संबंधित कार्यालयाला स्वतंत्र पत्र लिहिलं. अमुक अधिसूचनेखालचा हा कर आम्ही हरकतीसह भरत आहोत आणि परताव्याचा हक्क राखून ठेवत आहोत, असा त्याचा आशय. पत्राची पोच घेतली, आणि पुढे दर तिमाहीला चलनांची यादी जोडून तेच पत्र पुन्हा पाठवलं.

ताईने आणखी एक गोष्ट केली आणि तीच शेवटी कामाला आली. 1 एप्रिल 2018 पासून हा कर नफातोटा पत्रकात खर्च म्हणून घालणं तिने बंद केलं आणि "सरकारकडून येणे" या नावाने वेगळं खातं उघडलं. ताळेबंदात ती रक्कम येणी म्हणून दिसू लागली. मिश्रणाचा भावही तिने या करामुळे वाढवला नाही, आणि विक्रेत्यांना पाठवलेली प्रत्येक दरपत्रिका तारखेसह जपून ठेवली.

जुलै 2017 ते मार्च 2018 या पहिल्या नऊ महिन्यांतले सुमारे सव्वादोन लाख मात्र खर्चात गेले होते. ती वही बंद झाली होती.

न्यायालयात काय घडलं

23 जानेवारी 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती ए. सी. राव यांच्या खंडपीठाने 8 क्रमांकाची अधिसूचना आणि 10 क्रमांकाच्या अधिसूचनेतली संबंधित नोंद आयजीएसटी अधिनियमाच्या अधिकाराबाहेरची ठरवून रद्द केली. कारखान्याने पुढच्या महिन्यापासून भरणा बंद केला आणि तसं पत्र दिलं.

केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 19 मे 2022 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती विक्रम नाथ यांनी निकाल दिला. जीएसटी परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, या मुद्द्यामुळे तो देशभर गाजला. मकरपुऱ्यातल्या या कारखान्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दुसरा होता, आणि तो बारकाईने वाचावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची सगळी कारणं उचलून धरली नाहीत. आयातदाराला सेवेचा प्राप्तकर्ता मानून त्याच्याकडून रिव्हर्स चार्जने कर घेता येतो, हे सरकारचं म्हणणं मान्य झालं. पण सीआयएफ व्यवहार हा मिश्र नव्हे तर एकसंध पुरवठा आहे. त्यात माल मुख्य, आणि वाहतूक व विमा त्याला जोडलेले. अशा पुरवठ्यावर मुख्य वस्तूप्रमाणे एकदाच कर लागतो. मालावर आयजीएसटी घेतल्यावर त्यातलं भाडं सुटं काढून पुन्हा कर घेणं सीजीएसटी, म्हणजे केंद्रीय जीएसटी, अधिनियमाच्या कलम 8 च्या विरुद्ध जातं. म्हणजे आयातदार जिंकले ते सीआयएफपुरते.

म्हणूनच एफओबीच्या त्या दोन खेपांवरचा कर परताव्याच्या अर्जातून वगळायचा, असं ताईने ठरवलं. सीए म्हणत होते, मागून पाहू. ताईचं मत पडलं की दुबळी मागणी सोबत जोडली तर भक्कम मागणीकडेही संशयाने पाहिलं जाईल. मला तिचा निर्णय योग्य वाटतो.

परताव्याचा अर्ज

अर्ज ऑगस्ट 2022 च्या मध्यावर गेला. एकूण मागणी सुमारे आठ लाखांची. सीएंचं प्रमाणपत्र नीट जोडलं नव्हतं म्हणून आधी त्रुटीपत्र आलं. अर्जापासून त्रुटीपत्रापर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, त्यामुळे त्यात नुकसान झालं नाही. दुरुस्त अर्जावर कारणे दाखवा नोटीस आली आणि तीत दोन हरकती होत्या.

पहिली हरकत मुदतीची. सीजीएसटी अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे परतावा दोन वर्षांत मागावा लागतो. करोनाकाळामुळे 1 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 ही दोन वर्षं मोजायची नाहीत, असं जुलै 2022 च्या अधिसूचनेने सांगितलं होतं. म्हणजे ऑगस्ट 2018 च्या मध्यानंतरचे भरणे मुदतीत बसत होते आणि त्याआधीचे बाहेर जात होते. इथे एक खाच आहे, तिच्यावर अनेक आयातदार फसतात. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 27 मध्ये हरकतीसह भरलेल्या शुल्काला मुदतीची मर्यादा लागत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या उत्पादनशुल्काच्या कायद्यातही तसंच होतं. जीएसटीच्या कलम 54 मध्ये ही सवलत नाही. कस्टम्सच्या सवयीने, पत्र दिलं आहे तर मुदतीची काळजी कशाला, असं सीए धरून चालले होते.

दुसरी हरकत अनाठायी लाभाची. कर तुम्ही गिऱ्हाइकाकडून वसूल केला असेल, तर परत मिळालेले पैसे तुमचे नाहीत. मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे तत्त्व पक्कं केलं, आणि ते न्याय्यही आहे. बोजा आपणच सोसला, हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर असते.

पहिल्या हरकतीला उत्तर गुजरात उच्च न्यायालयाच्याच निकालात सापडलं. डिसेंबर 2020 मध्ये कॉमसोल एनर्जीच्या प्रकरणात, याच समुद्रभाड्याच्या कराबाबत, न्यायालयाने म्हटलं होतं की अधिकाराशिवाय घेतलेली रक्कम कर म्हणून ठेवता येत नाही आणि तिच्या परताव्याला कलम 54 ची मुदत लागू होत नाही. दुसऱ्या हरकतीवर ताईने दरपत्रिका, विक्रेत्यांची खाती आणि "सरकारकडून येणे" या खात्याचा उतारा ठेवला.

निष्पत्ती

पहिल्या आदेशात ऑगस्ट 2018 नंतरचे सुमारे साडेचार लाख मंजूर झाले. उरलेले मुदतबाह्य म्हणून नाकारले गेले, आणि मार्च 2018 पर्यंतच्या रकमेला अनाठायी लाभाचं कारणही जोडलेलं होतं.

अपील करावं की नाही यावर घरात मतभेद झाले. नाना म्हणाले, अर्ध्याहून जास्त मिळालं, आता पुरे. ताई तीन महिन्यांची मुदत संपत आली तरी अडून राहिली. अखेर अपील झालं. अपिलात मुदतीचा मुद्दा कॉमसोलच्या आधारे कारखान्याच्या बाजूने लागला, आणि 2018 च्या एप्रिल ते जुलैमधल्या भरण्यांचे सुमारे लाखभर रुपये मिळाले. पहिल्या नऊ महिन्यांची रक्कम मात्र मिळाली नाही. ती खर्चात टाकलेली होती. खर्चात टाकलेला कर विक्रीच्या किमतीत मुरला असं गृहीत धरलं जातं, आणि त्या काळातल्या दरपत्रिका कुणी ठेवल्या नव्हत्या. सव्वादोन लाखांसाठी उच्च न्यायालयात जायचं नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं.

सरकारने ही तरतूद पुढे स्वतःच काढून टाकली. सप्टेंबर 2023 च्या अधिसूचनांनी 1 ऑक्टोबर 2023 पासून आयातदारावरचा समुद्रभाड्याचा रिव्हर्स चार्ज संपला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी फेब्रुवारी 2020 मध्ये गेली. उच्च न्यायालयाचा निकाल हातात होता. तेव्हाच अर्ज केला असता तर फेब्रुवारी 2018 पासूनचे भरणे कुठल्याही सवलतीशिवाय दोन वर्षांच्या आत बसले असते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊ द्या, उगाच अर्ज फेटाळला जाईल, असा सीएंचा सल्ला होता. फेटाळला गेला असता तरी चाललं असतं. अर्जाची तारीख नोंदली गेली असती आणि अपिलाचा रस्ता उघडा राहिला असता. करोनाकाळाची सवलत पुढे येणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आली नसती तर ऑगस्ट 2022 चा सगळाच अर्ज केवळ कॉमसोलच्या निकालावर टेकून उभा राहिला असता.

खरं भाडं मिळवण्याचा प्रयत्नही लवकर सोडला गेला. मानीव 10 टक्के लागायचे ते भाडं माहीत नसेल तेव्हाच. पुरवठादार तीन-चार होते. त्यांपैकी एकाने जरी बिलावर भाडं वेगळं दाखवलं असतं, तर कराची रक्कम पहिल्यापासूनच कमी झाली असती. मोठ्या खरेदीदाराचं पुरवठादार ऐकतो, छोट्याचं ऐकेलच असं नाही, हे मान्य. तरी पुढच्या ऑर्डरच्या वेळी ही अट घालून पाहायला हवी होती.

स्वतंत्र याचिका न करण्याचा निर्णय मात्र मी चुकीचा मानत नाही. ज्यांचा कर कोटींत होता त्यांनी ती लढाई लढली आणि छोट्यांना तिचा लाभ झाला. त्यासाठी छोट्यांना स्वतःचे कागद तयार ठेवावे लागले. या कारखान्याला मिळालेल्या साडेपाच लाखांतला प्रत्येक रुपया एप्रिल 2018 नंतरचा आहे, म्हणजे वेगळं खातं उघडल्यानंतरचा.

आता आयातीच्या प्रत्येक खेपेचा तक्ता ताई स्वतः भरते. शुल्काच्या प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने असतात: कायदा, कलम, अधिसूचना. कलमाचा रकाना रिकामा राहिला तर ती क्लिअरिंग एजंटला फोन करते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय नाना त्या चलनावर सही करत नाहीत.